बगळ्याची किनार

१

जेवायला बोलावलेल्या माणसाच्या पिशवीत हात घालायचा नसतो. माझ्या थोरल्या लेकाला, अजिनाथला, एवढी साधी गोष्ट चाळिशी ओलांडल्यावर शिकवायची वेळ माझ्यावर यावी, याचा मला संताप आहे. आणि हात घातला तो तरी कोणत्या दिवशी? अधिक महिन्यातलं धोंड्याचं जेवण, जावई बाजेवर टेकून नवं उपरणं मिरवतायत, आणि त्यांच्यादेखत या दिवट्यानं फोटोवाल्या जाकीरची पिशवी हिसकून अंगणात उलटी केली.

पिशवीतून काय निघालं? एक कॅमेरा. काच पुसायचं मऊ फडकं. आणि जाकीरच्या आईसाठी, अजमतबीसाठी, मीच बांधून दिलेली अनारशांची पुडी. पुडी फुटली. माझे अनारसे, ज्यांच्या जाळीला अख्ख्या पाली गावात तोड नाही, ते मातीत लोळले.

"भिंग कुठं ठिवलं बे?" अजिनाथ ओरडला.

जाकीर खाली बसून एकेक अनारसा वेचत होता. "अजूभाऊ, मीच दिलेलं भिंग मी चोरू कावून?"

"देतानी समद्यायनी बघितलं. नेतानी कोण बघतंय?"

जाकीर उठला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण त्यानं पुडी छातीशी धरली, मला म्हणाला, "मावशी, येतो मी," आणि फटफटीकडं वळला. मला माणसाची पाठ वाचता येते. ही पाठ या दारात परत येणार नव्हती.

मी उठले, फटफटीची किल्ली काढली आणि कनवटीला खोचली.

"कुणी कुठं जात न्हाई," मी म्हटलं. "जाकीर, तू न्हाई. जावईबापू, तुमी बी न्हाई. सुनिता, चहा ठेव. भिंग या घरातून गेलंय, ते मी या घरातूनच काढीन. दिवस मावळायच्या आत."

आणि वर गच्चीवरून माझ्या नातीच्या, करिष्माच्या, हुंदक्यांचा आवाज येत होता.

२

आता भिंग म्हणजे काय नि त्यात एवढं रडण्यासारखं काय, ते सांगते.

आमची करिष्मा दहावी झाली. पोरीला आभाळाचं वेड. ठिबकचे उरलेले दोन पाइप घेतले, एक जाड, एक बारीक, बारक्याला जाडात सरकवलं, आणि म्हणाली, आज्जी, ही दुर्बीण. मी म्हटलं, बाई, ही तर फुकणी. पण तिला पुढच्या तोंडाला चांगलं भिंग पाहिजे होतं. ते तिनं जाकीरकडं मागितलं. जाकीरचं बीडला फोटोचं दुकान, आजोबांपासूनचं. आमच्या तीन पोरांच्या लग्नाचे फोटो त्याच घरानं काढले. आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्याचं भिंग त्यानं जपून ठेवलं होतं. मोठ्या पेढ्याएवढं, जड. जेवायला आला तेव्हा घेऊनच आला.

"मावशी, ही एक काच न्हाई," त्यानं मला दाखवलं. "दोन काचा चिकटवल्यात. एक फुगीर, एक खोलगट. एकट्या काचेला उजेडातले समदे रंग एका जागी आणता येत न्हाईत. ही दुसरी तिला ताळ्यावर आणती."

"म्हणजे मी आन् सुनिता," मी म्हटलं. सुनिता माझी सून, अजिनाथची बायको, करिष्माची आई. ती पदराआड हसली. आमच्यात फुगीर कोण, ते तिनं विचारलं नाही. शहाणी आहे.

उद्या सकाळी पुण्याहून दोन बाया येणार होत्या. तिथं एक शाळा आहे, पोरींनी हातानं केलेल्या वस्तू बघून निवड करते. पसंत पडलं तर दोन वर्षं तिथंच राहून शिकायचं, सगळं त्यांच्याकडून. आमच्या भावकीतली एक पोरगी आजवर बीडच्या पुढं शिकायला गेली नाही. माझी नात जाणार होती. मी गावभर सांगून ठेवलं होतं. कावून सांगू नये?

धोंड्याच्या दिवशी सकाळीच भिंग बसलं. गच्चीवरून बिंदुसरेच्या धरणाची भिंत दिसते. त्या भिंतीवर एक बगळा बसला होता, करिष्मानं त्याच्यावर नेम धरून आतला पाइप मागं-पुढं केला आणि एका जागी थांबली. "आज्जी, बघ."

मी डोळा लावला. बगळा उलटा! पाय आभाळात, डोकं खाली. पण काय पांढरा, परीट घडीच्या धोतरासारखा. चोच कुठं संपते नि पाणी कुठं सुरू होतं, रेघ मारल्यासारखं.

"उलटं का?"

"असल्या दुर्बिणीत उलटंच दिसतं. आभाळात काय उलटं नि काय सुलटं?"

पटलं मला. मग मी माझं काम केलं. घरात नवं यंत्र आलं की मी त्याला कुंकू लावते. ट्रॅक्टरला लावलं, मोटारीला लावलं, फ्रीजला लावलं. ओलं कुंकू बोटावर घेऊन जिथं बारका पाइप जाडाच्या तोंडातून बाहेर येतो, नेमका त्या सांध्यावर आडवं बोट ओढलं. निम्मं जाड पाइपावर, निम्मं बारक्यावर.

त्यानंतर एकेक जण वर जाऊन आला. मग जेवणं झाली. पुरणाचे धोंडे, वर तूप. जो तो जिथं जागा मिळेल तिथं आडवा झाला. उन्हं कलल्यावर करिष्मा वर गेली, डोळा लावला आणि किंचाळली.

"आज्जी, भिंग बदललंय!"

तिनं पुढचं टोपण उघडून दाखवलं. दोन काचांचं भिंग नव्हतं. त्या जागी एकच काच, हलकी, सायकलच्या ट्यूबच्या गोल पट्टीनं घट्ट बसवलेली. आणि माझं कुंकू अर्धं गायब. जाड पाइपावरचं होतं, बारक्यावरचं नव्हतं.

भिंग गेलं ते गेलं. पण माझं कुंकू पुसायची हिंमत कुणाची झाली?

३

पोलीस आधी कोण कुठं होतं ते विचारतात. मी चहा देते आणि काय दिसलं ते विचारते. माणूस जागेबद्दल खोटं बोलतो, बघितलेल्याबद्दल बोलायला लागला की त्याला आवरत नाही.

पहिली सुनिता. ती चुलीजवळ होती, दुपारभर भांडी घासत होती, त्याला मी साक्ष. "मी सकाळीच बघितलं, आत्या. बगळा. पांढराशिप्पट." डोळे लाल होते तिचे. "पोरगी जाणार म्हणून रडत होते. आता जाणार न्हाई म्हणून रडू येतंय. मला काई कळंना."

दुसरी पाळी जावयांची, घाटनांदूरच्या धर्मरावांची. जावयाची उलटतपासणी करायची म्हणजे तूप वाढता वाढता कान पिळायचा. मी चहात साखर जास्त टाकली.

"जावईबापू, गच्चीवर काय काय बघितलं?"

"सकाळी बगळा बघितला, मामी. त्यात काय विशेष? आमच्याकडं मोबाइलमधी याच्यापेक्षा जवळ दिसतंय."

"आन् दुपारी?"

"दुपारी मी झोपलतो."

मी कनवटीतून बिडीचं थोटूक काढून बशीत ठेवलं. दुर्बिणीच्या पायाशी सापडलेलं. आमच्या घरात बिडी ओढणारं दुसरं कुणी नाही, आणि सासुरवाडीत बिडी ओढत नाहीत हे धर्मरावांना चांगलं ठाऊक आहे.

"जेवण झाल्या झाल्या गेलतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या लेकीला सांगू नका. बिडी संपस्तोवर त्या नळकांड्यातून बघितलं. समोरच्या लिंबावर कावळीचं घरटं हाय. पाइप दोन बोटं बाहेर ओढला तवा दिसलं. पिलू चोच वासून बसलंतं, आत लालबुंद. कावळी काळीकुट्ट. येक येक पीस मोजावं असं. भिंगाला हात लावला न्हाई, मामी, तुमच्या पायाची शपथ."

"पाय राहू द्या. बिडी सोडा."

तिसरा अजिनाथ. तो तुतीच्या शेडच्या दारात उभा होता. आमची रेशमाची शेती, आळ्यांची शेड घराला लागूनच.

"माय, मला काय विचारती? त्या जाकीरला विचार."

"त्याला बी विचारणार. तू लेकीची दुर्बीण बघितलीस का न्हाई?"

"बघितली की. सकाळी, समद्यायच्या शेवटी."

"काय दिसलं?"

त्याचा चेहरा जरा सैल झाला. "लई भारी, माय. उलटा बगळा. आन् त्याच्या अंगाभोवती जांभळी किनार. पैठणीला काठ असावा तशी. मी म्हनलं, पोरीनं काय जादू केली."

मला खरं सांगायचं तर ऊर भरून आला. हा माणूस पोरीच्या दुर्बिणीबद्दल महिनाभर एक शब्द चांगला बोलला नव्हता.

शेवटी जाकीर. तो लिंबाखाली बसला होता, चहा तसाच समोर.

"मावशी, काय दिसलं ते सांगतो. बगळा पांढरा. आन् भिंत राखाडी. पण एक विचारू? भिंग चोरायचंच असतं तर त्या जागी दुसरी काच बसवायची खटपट कशाला? चोर काढून न्हेतो, भरत न्हाई."

मी थबकले. खरंच की. ज्यानं काच बसवली, त्याला भिंग नको होतं.

मग काय पाहिजे होतं त्याला?

४

करिष्मा गच्चीवर गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मी तिच्यापुढं ती परकी काच धरली.

"रडून झालं का? आता मला शिकव. मी तिसरी नापास हाय, तवा सावकाश. तुला एका नजरेत कसं कळलं की भिंग बदललं?"

तिनं नाक पुसलं. कागद घेतला, काच उन्हात धरली. कागदावर उन्हाचा ठिपका पडला.

"आज्जी, कागद काचेच्या जवळ आणते. ठिपक्याची कड बघ."

"लालसर."

"आता लांब नेते."

"निळी झाली की गं!"

"एकट्या काचेत निळा रंग अलीकडं जमतो, लाल पलीकडं. कितीबी सरकवा, दोघं एका जागी येत न्हाईत. मग पांढऱ्या वस्तूची कड फुटती. निळं-जांभळं सांडल्यावानी. जाकीरकाकाच्या भिंगात दुसरी काच त्यांना परत एकत्र आणायची, म्हणून बगळा चोख पांढरा दिसायचा. मी आत्ता डोळा लावला तर बगळ्याला..."

"जांभळी किनार," मी म्हटलं.

"तुला कसं ठाऊक? तू तर बघितलं न्हाईस."

मी पाण्याच्या टाकीला टेकले. पण अजून एक गाठ राहिली होती, आणि अर्धवट कळलेल्यावर मी कुणाला बोलत नाही. ती सवय माझ्या लेकाची.

"हे सांग. माझं अर्धं कुंकू कुणी पुसलं?"

करिष्मानं वाकून बघितलं. मग तिनं बारका पाइप धरला आणि हळूहळू बाहेर ओढला. वीतभर ओढल्यावर जाड पाइपाच्या तोंडातून माझं कुंकू बाहेर आलं. थोडं घासलेलं, पण तेच. कुणी पुसलं नव्हतंच. आत ढकललं होतं.

"जवळचं बघायचं तर पाइप कुठं सरकवायचा?" मी विचारलं.

"बाहेर. दोन बोटं, चार बोटं."

"आन् धरणाच्या बी पलीकडचं, डोंगर, चांदण्या?"

"आत. पण नखभर, आज्जी. धरण तसंबी लांबच हाय. वस्तू कितीबी लांब असली तरी पाइप वीतभर आत जात न्हाई. त्याला भिंगच दुसरं पाहिजे, जवळ उजेड गोळा करणारं." ती थांबली. "म्हणजे ज्यानं काच बदलली, त्यानं नंतर डोळा लावून, पाइप ढकलून, बगळा नीट दिसतोय का ते बघितलं!"

"बघितलं," मी म्हटलं. "आन् त्याला किनार आवडली."

धर्मरावांनी पाइप बाहेर ओढला होता, आत नाही. त्यांना कावळी काळीकुट्ट दिसली, पिलाची चोच नुसती लाल दिसली, कडेला रंग सांडलेला नव्हता. म्हणजे ते बिडी ओढत होते तोवर भिंग जागेवर होतं. सुनिताला बगळा पांढरा, जाकीरला पांढरा, मला पांढरा. अख्ख्या घरात एकाच माणसाच्या बगळ्याला काठ होता. आणि तो माणूस म्हणत होता की मी सकाळी बघितला.

मी जिना उतरले. गुडघे दुखत होते, पण उतरले ताठ.

५

शेडमध्ये तुतीच्या पानांवर आळ्या खातानाचा आवाज येत होता, बारीक सर पडावी तसा. अजिनाथ पानं पसरत होता.

"पानांवर कीड दिसतीय," मी म्हटलं. "तुझं कीड बघायचं भिंग दे."

त्यानं खिळ्याकडं बघितलं नाही. खिळा रिकामा होता. नेहमी तिथं काळ्या दोऱ्यानं टांगलेलं असायचं.

"हरवलं."

"कवा?"

"झाले की चार दिस."

"खोटं. काल संध्याकाळी तू त्यानं पानं बघत होतास, मी तुला पाणी आणून दिलं. अजिनाथ, बगळा पांढरा होता."

"काय?"

"सकाळी ज्यानं ज्यानं बघितलं, त्याला पांढरा दिसला. जांभळी किनार तुझ्या त्या एकट्या काचेनं काढली. तू सकाळी वर गेलाच न्हाईस. दुपारी गेलास, धर्मरावांच्या मागून. काच बदललीस, मग बघितलंस. तुला वाटलं, काच म्हणजे काच, उद्या त्या बायांना जरा वंगाळ दिसंल, नापसंत करतील, कुणाला कळणार बी न्हाई. पोरीनं ओळखलं, तुझी गाळण उडाली, आन् तुझा हात जाकीरच्या पिशवीत गेला."

हातातली पानं खाली पडली. मला वाटलं, नाकबूल करील. त्यानं रॅकच्या मागं हात घातला आणि एक गोळा काढला. रेशमाच्या कोशांवरचा मऊ कापूस गुंडाळलेला, वरून माझ्याच जुन्या लुगड्याचा तुकडा. आत भिंग. ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही.

"फोडणार नव्हतो," तो म्हणाला. "त्या बाया गेल्यावर परत लावणार होतो. माय, तुमी दोघं कोयता घेऊन ऊस तोडाया कारखान्याला जायचे, मी मावशीकडं राहायचो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रोज त्या रस्त्याकडं बघायचो. आता ही जाणार. पुन्हा मीच रस्त्याकडं बघत बसू?"

"बसायचं," मी म्हटलं. "आमी गेलते म्हणून तू शिकलास, म्हणून ही शेड उभी हाय. गेल्याची मला लाज न्हाई, मान हाय. चल अंगणात."

अंगणात सगळे होते. अजिनाथनं भिंग करिष्माच्या ओंजळीत ठेवलं. पोरगी बापाकडं बघत राहिली. तिला सगळं कळलं. भिंग घेऊन ती वर पळाली, आणि आम्ही तिच्या मागं. तिनं काच काढली, भिंग बसवलं, पाइप कुंकवाला कुंकू जुळेपर्यंत ओढला. धरणावर उन्हं तिरपी झाली होती, बगळे अजून होते.

अजिनाथ जिन्याच्या तोंडाशीच उभा होता. जाकीर कठड्यापाशी, पुडी हातात.

मग मी बोलले. खालच्या गल्लीतली छबुबाई कान लावून उभी होती, तिलाही ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं.

"अजिनाथ, हिकडं ये. चोरी तू घरच्या घरात केलीस, ती मी बघून घेईन. पण पाहुण्याला चोर म्हणालास ते समद्या अंगणानं ऐकलं, तवा त्याची माफी बी समद्यांसमोर. उद्या त्या बायांपुढं दुर्बीण तू उचलून आणायची, आन् पोरीची निवड झाली की पुण्याला पेटी बी तूच घेऊन जायची, तुझ्याच खांद्यावर. उद्या जाकीरच्या घरी नव्या अनारशांचा डबा घेऊन तूच जायचास, अजमतबीच्या हातात द्यायचास. आता शेवटचं. समद्या घरानं बघितलं, जावयानं बिडी वढत बघितलं, आन् तू बाप असून पोरीची दुर्बीण येकदाबी खरी बघितली न्हाईस. वाक. लाव डोळा. दिसला? मग जाकीरकडं तोंड कर, आन् बगळा कसा हाय ते त्याला सांग. मोठ्यानं."